हजार रुपयांचं विद्यापीठ

विद्यापीठ नसताना स्वतःला विद्यापीठ म्हणवून घेतलं, तर १९५६च्या कायद्यानुसार जास्तीत जास्त एक हजार रुपये दंड आहे. मी थट्टा करत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यातलं कलम २३ बजावतं की, कायद्याने जन्माला न आलेल्या संस्थेने नावात 'युनिव्हर्सिटी' हा शब्द मिरवू नये; आणि लगेच पुढचं कलम २४ मिरवणाऱ्याला भीती घालतं. एक हजार रुपयांपर्यंतची भीती. संसदेने हा आकडा ठरवला तेव्हा हजार रुपयांत नऊ-दहा तोळे सोनं येत होतं, म्हणजे भीती बऱ्यापैकी वजनदार होती. सोनं पुढे वाढत गेलं, भीती तिथेच राहिली. आज तेवढ्या पैशात विद्यापीठाच्या दारावरची पाटीसुद्धा रंगवून मिळणार नाही. फसवणुकीची कलमं वेगळी आहेत हे मान्य, पण निव्वळ 'विद्यापीठ' असल्याचं सोंग घेण्याचा भाव हा असा आहे.

आम्ही जबलपूरची मराठी माणसं या विषयातली जाणकार समजली जातो. आमची लायकी म्हणून नव्हे, पत्ता म्हणून. बारावीचा निकाल लागला की नागपूर, अमरावती, वर्ध्याहून फोन सुरू होतात. एरवी दिवाळीलाही ज्यांना आमची आठवण येत नाही, असे चुलत-मावस नातेवाईक अत्यंत आपुलकीने विचारतात, "काय हो काका, तुमच्याकडचं ते अमुक कॉलेज कसं आहे? मान्यता आहे ना त्याला?" जणू मान्यता ही गच्चीवर वाळत घातलेली असते आणि मी सकाळी फिरायला जाताना ती दिसते.

तसं आमचं गाव या बाबतीत खानदानी आहे. जबलपूर विद्यापीठ १२ जून १९५६ रोजी स्थापन झालं. अनुदान आयोगाचा कायदा त्याच वर्षी मार्चमधला, म्हणजे दोघांच्या जन्मात जेमतेम तीन महिन्यांचं अंतर. त्या वेळी आमच्या राज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं, राजधानी भोपाळला गेली आणि जबलपूर जिथल्या तिथे राहिलं. राजधानी हुकल्याची भरपाई म्हणून उच्च न्यायालय मिळालं. १९८३ साली विद्यापीठाला राणी दुर्गावतीचं नाव दिलं गेलं. १९६४ पासून कृषी विद्यापीठ आहेच, पुढे पशुवैद्यकीय विद्यापीठ आलं आणि त्याला नाव मिळालं आपल्या नानाजी देशमुखांचं. मग वैद्यकीय विज्ञान विद्यापीठ आलं, मग विधी विद्यापीठ. ज्वारी, म्हैस, माणूस आणि खटला, सगळ्यांची सोय एकाच गावात.

एवढं सगळं सरकारमान्य असलेल्या गावाला गालबोट नको का? तेही होतं. आयोग दर वर्षी प्रवेशाच्या सुमारास बोगस विद्यापीठांची यादी जाहीर करतो. त्या यादीत मध्य प्रदेशच्या नावापुढे कित्येक वर्षं एकच नाव असे: केसरवानी विद्यापीठ, जबलपूर. अख्ख्या राज्यातून फक्त आम्ही! भोपाळ नाही, इंदूर नाही. इंदूरवाल्यांनी स्वच्छतेत पहिला नंबर पटकावला, पोह्यांत पटकावला, पण या यादीत त्यांची डाळ शिजली नाही. पुढे कधीतरी ते नाव गळलं. २०२३च्या यादीत दिल्लीची आठ, उत्तर प्रदेशची चार, महाराष्ट्राचं एक अशी वीस नावं आहेत. मध्य प्रदेशचं एकही नाही.

ही यादी मी आवडीने वाचतो. वर्तमानपत्रांत ती कोपऱ्यात छापतात, पण तिचं साहित्यमूल्य फार मोठं आहे. दिल्लीत एक 'कमर्शियल युनिव्हर्सिटी लिमिटेड' आहे. ज्ञानाला सीमा नसते असं आपण ऐकत आलो, या लोकांनी प्रामाणिकपणे 'लिमिटेड' लिहून टाकलं. पत्ता दर्यागंज. आणि आयोगाचं मुख्यालय बहादूरशाह जफर मार्गावर, म्हणजे दर्यागंजापासून जेवणानंतर शतपावली करत जावं एवढ्या अंतरावर. आयोग दर वर्षी देशभराला सावध करतो, त्यात आपल्या शेजाऱ्याचंही नाव घालतो, आणि शेजारी पुढच्या वर्षीच्या यादीत पुन्हा हजर. शेजारधर्म म्हणतात तो हाच असावा.

दिल्लीतच 'युनायटेड नेशन्स युनिव्हर्सिटी' आहे. या नावाचं एक खरंखुरं विद्यापीठ टोकियोत आहे, पण तिकडे जायला व्हिसा लागतो. 'विश्वकर्मा ओपन युनिव्हर्सिटी फॉर सेल्फ-एम्प्लॉयमेंट' हे माझं विशेष लाडकं. स्वयंरोजगाराचं शिक्षण देण्यासाठी काढलेल्या या विद्यापीठाने निदान संस्थापकांच्या स्वयंरोजगाराचा प्रश्न तरी सोडवला असणार. महाराष्ट्राच्या वाट्याला नागपूरचं 'राजा अरेबिक विद्यापीठ' आलं आहे. आणि सीमाभागातल्या गोकाकचं नाव तर एका दमात उच्चारता येत नाही: 'बडगणवी सरकार वर्ल्ड ओपन युनिव्हर्सिटी एज्युकेशन सोसायटी'. सरकार, जग, विद्यापीठ आणि सोसायटी यांपैकी कशावर आक्षेप घ्यायचा हे तपासणाऱ्याने ठरवावं. गोकाकला धबधबा आहे, जबलपूरला धुवांधार आहे. पाणी जिथे उंचावरून पडतं तिथे विद्यापीठं आपोआप उगवतात की काय, यावर कोणीतरी पीएच.डी. करायला हवी. ती कुठून करायची, ते मात्र यादी बघून ठरवावं.

पण हे सगळे किरकोळ विक्रेते. घाऊक व्यापार झाला तो आमच्या शेजारी. छत्तीसगड १ नोव्हेंबर २००० पर्यंत आमच्याच राज्यात होतं, तिथल्या माणसाला अपील करायला जबलपूरला यावं लागे. वेगळं झाल्यावर नव्या संसारातली पहिली हौस म्हणून त्या राज्याने २००२ साली खासगी विद्यापीठांचा कायदा केला. तोपर्यंत विद्यापीठ काढायचं म्हणजे विधिमंडळात स्वतंत्र कायदा, चर्चा, मतदान, असा घोळ असे. नव्या कायद्याने तो मिटवला. प्रकल्पाचा प्रस्ताव द्यायचा, सरकारने राजपत्रात अधिसूचना काढायची, की झालं विद्यापीठ. राजपत्र सकाळी छापलं की दुपारपर्यंत कुलगुरू.

बघता बघता ११२ विद्यापीठं निघाली. छत्तीसगडात तेव्हा जिल्हे होते सोळा. भागाकार करून बघा, बाकी काही उरत नाही: जिल्ह्यामागे बरोब्बर सात विद्यापीठं. वाघांच्या बाबतीत असं काही घडलं असतं तर पंतप्रधानांनी येऊन फोटो काढले असते. यातल्या कित्येकांना इमारत नव्हती, आवार नव्हतं, शिक्षक नव्हते. पण राज्याबाहेर केंद्रं उघडायची मुभा होती, आणि तिचा त्यांनी कसून अभ्यास केला. कदाचित तेवढाच अभ्यास त्या विद्यापीठांत झाला असेल. मुख्यालय रायपुरात एखाद्या खोलीत आणि शाखा देशभर. शाखाच शाखा, खोड कुठेच नाही.

या प्रकाराविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले प्रोफेसर यशपाल. आमच्या पिढीला ते दूरदर्शनवरच्या 'टर्निंग पॉइंट'मुळे माहीत. पांढऱ्या केसांचे, गोड हसणारे, आकाशात तारे का लुकलुकतात ते सांगणारे. त्याआधी ते स्वतः अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. मूळचे भौतिकशास्त्रज्ञ, वैश्विक किरणांवर काम केलेले. डोळ्यांना न दिसणारे कण शोधण्यात ज्या माणसाची हयात गेली, त्यालासुद्धा ही विद्यापीठं दिसेनात, यावरून ती किती सूक्ष्म असतील याची कल्पना यावी. ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने त्या कायद्यातली संबंधित कलमं रद्द केली आणि एकशे बारा विद्यापीठं ज्या कागदातून आली होती त्या कागदात परत गेली. शिकणाऱ्या पोरांचं नुकसान होऊ नये म्हणून, ज्या संस्था खरोखर चालू आहेत त्यांना राज्यातल्या जुन्या विद्यापीठांशी जोडून घेण्याची वाट न्यायालयाने मोकळी ठेवली. म्हणजे शेवटी ओझं आलं ते त्याच जुन्या, गळक्या छपरांच्या, वेळेवर निकाल न लावणाऱ्या सरकारी विद्यापीठांवर. घरातल्या थोरल्या सुनेची गत.

मी फोनवर विचारणाऱ्या नातेवाइकांना ही सगळी कथा सांगतो. ते शांतपणे ऐकतात आणि म्हणतात, "ते ठीक आहे हो, पण आपल्या पिंकीचं नर्सिंग आहे. त्याला मान्यता आहे ना?"

इथे मी जरा खाकरतो. कारण मान्यता 'आहे' म्हणजे काय, हा प्रश्न आमच्या उच्च न्यायालयाला काही वर्षं पुरला आहे. मध्य प्रदेशातल्या नर्सिंग महाविद्यालयांविरुद्ध विधी शाखेच्या विद्यार्थ्यांच्या एका संघटनेने जनहित याचिका केली. आरोप असे की अनेक महाविद्यालयं फक्त कागदावर आहेत आणि एकच प्राध्यापक एकाच वेळी अनेक महाविद्यालयांच्या पटावर आहे. प्राध्यापक वर्गात शोधून सापडत नाही ही विद्यार्थ्यांची तक्रार जुनीच. हे प्राध्यापक सगळीकडेच सापडत होते. भगवान श्रीकृष्णानंतर एवढी व्यापक उपस्थिती कोणाची ऐकली नव्हती.

न्यायालयाने तपासाचं काम सीबीआयला दिलं. आता गंमत बघा. महाविद्यालयांची आधी सरकारी निरीक्षकांनी तपासणी केलीच होती, त्याशिवाय मान्यता मिळते का? त्या तपासणीची तपासणी करायला सीबीआय आली. सीबीआयने ३०८ महाविद्यालयं पाहिली आणि अहवाल दिला: १६९ योग्य, ७३ मध्ये त्रुटी, ६६ अयोग्य. निदान १६९ तरी धड निघाली म्हणून लोकांनी सुस्कारा सोडला. तेवढ्यात मे २०२४ मध्ये दिल्लीच्या सीबीआयने भोपाळच्या सीबीआयच्या निरीक्षकाला लाच घेतल्याच्या आरोपावरून पकडलं. काम काय, तर महाविद्यालयाला 'योग्य' ठरवणं. म्हणजे निरीक्षकाचं निरीक्षण करणाऱ्या निरीक्षकाचं निरीक्षण करावं लागलं. मग न्यायालयाने 'योग्य' महाविद्यालयांची फेरतपासणी सांगितली. या वेळी न्यायिक अधिकारी बरोबर आणि व्हिडिओ चित्रीकरणासकट. हिंदीतले व्यंगकार हरिशंकर परसाई जबलपुरातच नेपियर टाऊनमध्ये राहत. त्यांनी पोलीस इन्स्पेक्टरला चंद्रावर पाठवण्याची कथा लिहिली, पण ही पायरी त्यांनाही सुचली नव्हती.

या सगळ्यात, ज्यांनी खरोखर सुई टोचायला शिकायचं म्हणून फी भरली होती त्या मुलींच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षाच वर्षानुवर्षं रखडल्या. आईबापांनी शेत गहाण ठेवलेलं, मुलगी घरी बसलेली, आणि कोणी विचारलं 'कितवं वर्ष?' तर उत्तर, 'पहिलंच चाललंय'. यावर विनोद करायचा मी प्रयत्न केला, जमला नाही.

तपासणी या प्रकाराबद्दल मला जे काही कळलं ते एका स्नेह्यांकडून. आयुष्यभर प्राध्यापकी केलेले, वेगवेगळ्या समित्यांवर फिरलेले गृहस्थ. नाव सांगत नाही, गावही नाही. ते म्हणाले, "समिती येणार हे संस्थेला समितीच्या आधी कळतं. मी घरातून निघायच्या आत संस्थेच्या गाडीचा ड्रायव्हर खाली उभा असतो आणि त्याला माझ्या मधुमेहाचीसुद्धा माहिती असते."

"मग तुम्ही बघता काय?"

"जे दाखवतील ते. ग्रंथालयात पुस्तकं भरपूर, पण सगळ्यांचे शिक्के ओले. एकदा मी एक पुस्तक उचललं तर बोटाला जांभळी शाई लागली. प्राचार्यांनी लगेच रुमाल दिला. रुमालावरही संस्थेचं नाव भरतकाम केलेलं. तेवढ्यापुरती संस्था अगदी परिपूर्ण होती."

"आणि प्रयोगशाळा?"

"प्रयोगशाळेत सांगाडा होता. माझ्या ओळखीचा."

"म्हणजे?"

"अहो, डाव्या बरगडीला तार बांधलेली होती. महिन्यापूर्वी दुसऱ्या तालुक्यात भेटला होता. त्या सांगाड्याने जेवढा प्रवास केलाय तेवढा मी जिवंतपणी केलेला नाही."

मी विचारलं, "मग तुम्ही अहवालात काय लिहिलंत?"

ते म्हणाले, "त्रुटी आढळल्या, सहा महिन्यांत पूर्तता करावी, या अटीवर मान्यतेस शिफारस." थोडं थांबून म्हणाले, "बाहेर दोनशे मुलं उभी होती हो. प्रवेश आधीच दिलेले. मी 'नाही' लिहिलं असतं तर त्यांचं काय? संस्थाचालकांना हे माहीत असतं. ते आधी मुलं घेतात, मग आपल्याला बोलावतात."

विनोदाच्या भरात हे वाक्य हातून निसटू नये म्हणून मी ते तेव्हाच लिहून ठेवलं. आमची परवाना पद्धत कडक नाही असं नाही. कागद मागायला ती अत्यंत कडक आहे: नाहरकत, हमीपत्र, जागेचा सातबारा किंवा आमच्याकडचा खसरा, अग्निशमन, ठेव, प्रतिज्ञापत्र, सगळं तीन प्रतींत. पण कागद मागून मागून तिने संस्थाचालकांना कागद तयार करण्यात पारंगत केलंय. खरं शिकवणाऱ्या माणसाला हे जमत नाही, त्याचे तीन प्रतींतले दोन कागद नेहमी घरी राहिलेले असतात. म्हणून तो वर्षानुवर्षं त्रुटीत आणि ज्याच्याकडे फक्त कागदच आहेत तो पहिल्या फेरीत पास. कागद कमी मागा आणि न सांगता या, एवढं जरी केलं तरी ओल्या शिक्क्यांचा धंदा बराच बसेल. पण न सांगता आलं तर जेवणाचं काय, हा समितीपुढचा व्यवहारी प्रश्न उरतोच.

आता या आखाड्यात परदेशी मंडळी उतरली आहेत. अनुदान आयोगाने २०२३ साली नियम केले की परदेशी विद्यापीठांना भारतात आपलं आवार काढता येईल. जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेत असलं की दार उघडं. अर्ज आल्यावर स्थायी समितीने साठ दिवसांत शिफारस करायची असंही त्यात आहे. साठ दिवस! आमच्या ओळखीतल्या एका संस्थेची फाइल याहून जास्त दिवस एकाच टेबलावर पडून होती, कारण त्या टेबलाचे साहेब रजेवर होते. साउदॅम्प्टन विद्यापीठाचं गुरुग्रामला सुरूही झालं. महाराष्ट्र मागे कसा राहील? जून २०२५ मध्ये मुंबईत समारंभ होऊन पाच परदेशी विद्यापीठांना नवी मुंबईतल्या नियोजित आवारांसाठी इरादापत्रं देण्यात आली: अ‍ॅबरडीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची एक डिझाइनची संस्था.

लगेच नागपूरहून फोन. "काका, पिंकीच्या धाकट्या भावासाठी विचारत होतो. ते अ‍ॅबरडीन की काय, ते खरं आहे ना? मान्यता?"

मी चौकशी केली. अ‍ॅबरडीन विद्यापीठ स्थापन झालं १४९५ साली, म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोचायच्या तीन वर्षं आधी. आणि त्याला परवानगी दिली होती साक्षात पोपने, सहाव्या अलेक्झांडरने, आज्ञापत्र काढून. ही माहिती मी आमच्या त्या समितीवाल्या स्नेह्यांना मोठ्या कौतुकाने सांगितली. पाचशे वर्षांहून जुनं विद्यापीठ, म्हटलं, आता यांची काय तपासणी करणार?

स्नेह्यांनी चष्मा वर सरकवला. "पोपच्या आज्ञापत्राची मूळ प्रत आहे?"

"असेल की."

"लॅटिनमध्ये असेल. शपथपत्रासह भाषांतर लागेल. आणि हे सहावे अलेक्झांडर, हे त्यांचं पाळण्यातलं नाव का?"

"नाही. मूळ नाव रॉड्रिगो बोर्जिया. पोप झाल्यावर बदललं."

"मग अडकलं," ते म्हणाले. "नावात बदल असल्यास राजपत्राची प्रत जोडावी लागते. तीन प्रतींत."